हवेत कसलेला बोल्ट

ऑक्टोबर २०२२ मध्ये, पावसाळा नुकताच ओसरला असताना, आमच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाकडून पहिल्यांदा आवाज आला. नागपुरात मानेवाड्यातील घरापासून रिंग रोडला लागेपर्यंत वाटेत तीन गतिरोधक आहेत. त्या तिन्हींवरून गाडी खाली उतरताना लाकडी पेटीचे झाकण पडावे तसा एक बोदा ‘खट्’ ऐकू येई. चढताना तो येत नसे आणि वेग घेतल्यावरही येत नसे. मी २०२१ पासून उमरेडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. रोज जाऊन-येऊन सुमारे नव्वद किलोमीटर गाडी चालते, त्यामुळे २०१३ साली घेतलेल्या आमच्या लहान पेट्रोल गाडीच्या मीटरवर तेव्हा शहाण्णव हजार किलोमीटर झाले होते. एवढ्या वापरानंतर एखादा आवाज येणारच, असे समजून मी पहिले दोन-तीन आठवडे त्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

लक्ष द्यावे लागले ते ब्रेकमुळे. उमरेड परिसरात कोळशाच्या खाणी असल्याने त्या रस्त्यावर ट्रकांची वर्दळ मोठी असते आणि पुढच्या ट्रकने वेग कमी केला की मागच्याला जोरात ब्रेक लावावा लागतो. अशा वेळी स्टिअरिंग डावीकडे ओढले जाऊ लागले. हात घट्ट धरला तर गाडी सरळ थांबे, पण तो धरावा लागतो ही गोष्ट मला बरी वाटेना. शिवाय अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचे काम, करून घेतल्यावर महिनाभरातच गाडी पुन्हा तिरकी चालू लागे. पुढच्या टायरांवरून तळहात फिरवला तर आतल्या कडेला रबर करवतीच्या दातांसारखे लागत असे.

घराजवळच्या गॅरेजमध्ये आधी दोन्ही बाजूंचे लिंक रॉड (सस्पेन्शनमधल्या जोडदांड्या) बदलले. या निदानात गैर काही नव्हते, कारण पुढून येणारी खडखड बहुतेक वेळा त्यांचीच असते आणि ते स्वस्तही असतात. आवाज गेला नाही. जानेवारीत पुढचे दोन्ही शॉकअब्सॉर्बर बदलले. गाडीचे उसळणे कमी झाले, आवाज मात्र होता तसाच राहिला. दोन्ही कामे मिळून सुमारे आठ हजार रुपये गेले, तेव्हा मी ठरवले की यापुढे कोणताही भाग बदलण्यापूर्वी नेमके काय हलते ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे.

ते पाहण्याची रीत सोपी निघाली. घरासमोरच्या सपाट जागेत गाडी उभी केली, मुलीला पुढच्या डाव्या चाकापासून चार-पाच फूट बाजूला उभे केले आणि पाय ब्रेकवर घट्ट ठेवून आधी पहिल्या गिअरमध्ये व नंतर रिव्हर्समध्ये क्लच अगदी थोडा सोडला. गाडी जागची हलत नाही, पण इंजिन चाकांना एकदा पुढे आणि एकदा मागे ढकलते. या प्रयोगात बाजूला उभ्या असलेल्या माणसाने गाडीच्या समोर किंवा मागे कधीही जाऊ नये, एवढी काळजी मात्र घ्यावी. तिसऱ्या वेळी मुलगी म्हणाली, “बाबा, चाकच मागे-पुढे सरकून राहिलं. मडगार्डपासूनचं अंतर बदलून राहिलं.” आम्ही जागा बदलल्या आणि मीही ते पाहिले. चाक जवळजवळ एक सेंटिमीटर सरकत होते. उजव्या बाजूला हेच सरकणे जेमतेम दिसण्याएवढे होते. चाकाला जागेवर धरून ठेवणारे काहीतरी डाव्या बाजूला सैल झाले आहे, हे आता निश्चित झाले.

ते काहीतरी म्हणजे लोअर आर्मचे बुश. आमच्यासारख्या बहुतेक लहान गाड्यांत पुढच्या प्रत्येक चाकाखाली पत्र्याचा एक आडवा हात असतो. त्याचे बाहेरचे टोक बॉल जॉइंटने चाकाला जोडलेले असते आणि आतली दोन टोके गाडीच्या क्रॉस मेंबरला, म्हणजे खालच्या आडव्या पोलादी तुळईला. या आतल्या दोन जोडांत बुश बसतात. बुश म्हणजे दोन पोलादी नळ्या, एकीत एक, आणि त्यांच्या मध्ये दोन्हींना चिकटवून पक्के केलेले रबर. बाहेरची नळी आर्मच्या डोळ्यात दाबून बसवलेली असते. आतली नळी बोल्टने क्रॉस मेंबरच्या दोन पत्र्यांमध्ये आवळली जाते आणि तिची टोके दातेरी असतात, म्हणजे एकदा बोल्ट कसला की ती जागची फिरत नाही. मग चाक खाली-वर होते तेव्हा आर्म हलतो कसा? मधले रबर पिळले जाते म्हणून. बेअरिंगमध्ये एक भाग दुसऱ्यावर फिरतो, तसे येथे काहीच फिरत नाही. मी हे नीट समजून घ्यायला एक वर्ष आणि दोन दुरुस्त्या घेतल्या, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहीत आहे.

आर्मचे दोन बुश एकसारखे नसतात. आमच्या गाडीत पुढच्या बुशचा बोल्ट आडवा आहे आणि त्याचे रबर भरीव व तुलनेने घट्ट आहे. मागचा बुश मोठा असून त्याचा बोल्ट उभा आहे आणि त्याच्या रबरात समोरासमोर दोन चंद्रकोरीसारख्या पोकळ्या आहेत. त्या पोकळ्या पाहून रबर फाटले आहे असा समज होतो, पण त्या मुद्दाम ठेवलेल्या असतात. चाक खड्ड्यात आपटते तेव्हा आर्म पुढच्या बुशभोवती किंचित वळतो आणि मागचा बुश पोकळीच्या दिशेने दबून तो धक्का पचवतो. पोकळी नसलेल्या दिशेला तोच बुश ताठ राहतो. एकाच रबरी तुकड्याला एका दिशेने मऊ आणि दुसऱ्या दिशेने कठीण बनवण्याची ही कल्पना मला फार सुंदर वाटते, आणि पुढे साहित्य निवडण्याची वेळ आली तेव्हा ती लक्षात ठेवल्याचा उपयोगही झाला.

फेब्रुवारी २०२३ मध्ये दुसऱ्या एका मोठ्या गॅरेजात गाडी लिफ्टवर चढवून टॉमी (लोखंडी पहार) लावली, तेव्हा डाव्या मागच्या बुशचे रबर आतल्या नळीपासून पूर्ण सुटलेले दिसले. बाकीचे तीनही तडकले होते. दहा वर्षे आणि नागपूरचे दहा उन्हाळे सोसलेल्या रबराकडून याहून अधिक अपेक्षा करता येत नाही. येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याही पुढे जातो, सिमेंटचा रस्ता हवेपेक्षा बराच जास्त तापतो आणि पुढच्या बुशांना इंजिनची धग वेगळी लागते. तापमान दहा अंशांनी वाढले की रबर म्हातारे होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम आम्ही वर्गात शिकवतोच. चारही बुश काढून नवे दाबून बसवले, अलाइनमेंट केली आणि संध्याकाळी घरी येताना ते तिन्ही गतिरोधक मी मुद्दाम सावकाश ओलांडले. आवाज नव्हता. दुसऱ्या दिवशी दिघोरीच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावून पाहिला, तर गाडी सरळ थांबली.

ही शांतता अकरा हजार किलोमीटर टिकली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तोच बोदा आवाज परत आला आणि या वेळी दोन्ही बाजूंनी. आधीचे बुश शहाण्णव हजार किलोमीटर चालले आणि नवे त्याच्या आठव्या हिश्शाएवढेही चालले नाहीत, याचा अर्थ मला लावता येईना. गॅरेजवाल्यांनी माल हलका निघाला असे सांगितले आणि पुन्हा तसेच चार बुश घालण्याची तयारी दाखवली. कारण कळल्याशिवाय मला ते करायचे नव्हते.

माझ्या एका सहकाऱ्यांनी ऑटोमोटिव्ह चौकाच्या पुढे, कामठी रोडच्या एका गल्लीत असलेल्या जुन्या गॅरेजचे नाव सुचवले. मालक साठीच्या पुढचे आहेत आणि सगळे त्यांना काकाच म्हणतात. त्यांच्याकडे लिफ्ट नाही, जमिनीत खणलेला सिमेंटचा खड्डा आहे. गाडी खड्ड्यावर उभी करायची आणि खाली उतरून काम करायचे, अशी ती जुनी पद्धत आहे. पहिल्या दिवशी गाडी तेथे ठेवून मी मेट्रोने छत्रपती चौकापर्यंत परतलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो, तोवर काकांनी दोन्ही आर्म उतरवून फळीवर मांडून ठेवले होते.

मागचे दोन्ही बुश शाबूत होते, पुढचे दोन्ही फाटले होते. काकांनी टॉर्चचा उजेड पाडून रबरावरची चीर दाखवली. ती सरळ नव्हती, नळीभोवती वळत गेली होती, आणि डावी व उजवी चीर आरशातल्या प्रतिमेसारख्या एकमेकींच्या उलट दिशेच्या होत्या.

“सर, हे बुश झिजले नाहीत. हे पिळून मेले,” काका म्हणाले. “बोल्ट हवेत कसले त्यांनी. गाडी लिफ्टवर, चाकं लटकून राहिले, अन् गन लावून टाईट करून टाकलं. तिथूनच याचं मरण चालू झालं.”

“मग कसे कसायचे?”

“हातानं नुसते लावून ठेवायचे. गाडी खाली घ्यायची, चाकं जमिनीवर, वजन चाकांवर. मंगच शेवटचा पाना. खड्डा त्याच्यासाठीच ठेवला ना मी.”

मी तेथेच वही काढली. आर्मची आतल्या अक्षापासून बॉल जॉइंटपर्यंतची लांबी बत्तीस सेंटिमीटर भरली. गाडी जमिनीवर उभी असताना आर्म जवळजवळ आडवा असतो आणि गाडी उचलली की चाक सुमारे आठ सेंटिमीटर खाली लटकते. आठ भागिले बत्तीस म्हणजे पाव, आणि ज्या कोनाची ज्या (साइन) पाव असते तो कोन चौदा अंशांच्या थोडा वर. याचा अर्थ असा की लटकलेल्या स्थितीत बोल्ट कसला तर गाडी जमिनीवर टेकताच रबर चौदा अंश पिळले जाते आणि गाडी अंगणात उभी असली तरी रात्रंदिवस तसेच पिळलेले राहते. त्यावर चाक गतिरोधकाने सहा सेंटिमीटर वर उचलले गेले, तर आणखी अकरा अंशांची भर पडते. योग्य रीतीने कसलेल्या बुशला जेथे अकरा अंशांचा पीळ सोसावा लागतो, तेथे चुकीच्या रीतीने कसलेल्याला पंचवीस अंशांचा सोसावा लागतो, आणि तोही नेहमी एकाच दिशेने. मागच्या बुशचा बोल्ट उभा असल्याने त्याच्या आतल्या नळीची दिशा चाक वर असो वा खाली, बदलत नाही. कसताना हा पीळ त्याला बसत नाही. म्हणूनच मागचे वाचले आणि पुढचे गेले. एवढे सगळे एका बोल्टच्या वेळेवर अवलंबून होते.

मागच्या बुशांवरही काकांची एक तक्रार होती. त्यांचे रबर जरा फुगलेले आणि बोटाला चिकट लागत होते. गाडी धुण्याच्या केंद्रावर शेवटी गाडीच्या पोटाला डिझेल आणि जुन्या ऑइलचा फवारा मारतात, गंज लागू नये म्हणून, आणि मी दर दोन महिन्यांनी तो मोठ्या समाधानाने मारून घेत असे. पत्र्याला त्याचा थोडा फायदा होत असेल, पण नैसर्गिक रबर खनिज तेल शोषून फुगते आणि त्याची ताकद जाते. त्या दिवसापासून मी तो फवारा बंद केला आणि ओळखीच्या प्रत्येकाला बंद करायला सांगतो.

आता काय बसवायचे हा प्रश्न उरला. या काळात मी पॉलियुरेथेनच्या बुशांविषयी बरेच वाचले होते आणि ते घ्यावेत असे मला मनापासून वाटत होते. हे रबराहून कठीण असतात. कठीणपणाच्या शोअर ए मापावर गाडीतले रबर साधारण पन्नास ते सत्तर असते, आणि मी पाहिलेल्या संचावर पंच्याऐंशी छापलेले होते. तेलाने ते फुगत नाहीत. माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते आतल्या नळीला चिकटवलेले नसतात. नळी त्यांच्या आत फिरते, त्यामुळे पिळण्याचा प्रश्नच उरत नाही आणि बोल्ट कोणत्याही स्थितीत कसला तरी चालतो. ज्या चुकीने माझे बुश गेले ती चूकच अशक्य करणारा हा उपाय आहे, असा माझा युक्तिवाद होता.

काकांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि मागच्या बुशसाठी साफ नकार दिला. त्यांचे म्हणणे असे की मागच्या जागी आर्म नुसता फिरत नाही, तो कलतोही आणि आडवा सरकतोही. तेथे पोकळ्या ठेवलेले मऊ रबर काढून भरीव, कठीण तुकडा घातला तर आर्मला वळायला जागाच राहणार नाही, आणि जो धक्का रबर पचवत होते तो क्रॉस मेंबरच्या पत्र्यावर आणि बॉल जॉइंटवर जाईल. त्या चंद्रकोरी आठवल्यावर मला हे लगेच पटले. तडजोड अशी झाली की मागे नवे रबर, पुढे पॉली, आणि वळणावर गाडीचे कलणे कमी करणाऱ्या स्टॅबिलायझर बारला क्रॉस मेंबरवर धरून ठेवणारे दोन डी-बुशही पॉलीचे.

प्रत्यक्ष काम पाहण्यासारखे होते. काकांनी जुना मागचा बुश काढण्यापूर्वी आर्मवर पोकळ्यांच्या रेषेत पंचाने दोन ठिपके मारले. नवा बुश त्याच रेषेत बसला नाही तर मऊ दिशा आणि कठीण दिशा यांची अदलाबदल होते आणि नवा भाग घालूनही गाडी वाईट चालते. जुने बुश हायड्रॉलिक प्रेसवर बाहेर काढले. काही ठिकाणी गॅसने रबर जाळून नळी मोकळी करतात, तो प्रकार काकांना मान्य नाही, कारण आर्मचा पत्रा तापून नरम पडू शकतो. रबरी बुश आत सरकवताना ग्रीस न लावता साबणाचे पाणी लावले. पॉलीच्या बुशांना मात्र संचाबरोबर आलेले सिलिकोन ग्रीस आतून आणि तोंडावर भरपूर फासले. मग आर्म चढवले, सगळे बोल्ट हाताने लावले, गाडी चाकांवर घेतली, तिला दोन-चारदा वरून दाबून उसळू दिले आणि चालकाच्या जागेवर मला व शेजारी त्यांच्याकडच्या मुलाला बसवून काका खड्ड्यात उतरले. पॉलीला याची गरज नव्हती, पण त्यांनी आपली रीत सोडली नाही. ठरलेल्या जोराला आवाज देणाऱ्या टॉर्क रेंचचा ‘टक्’ चार वेळा ऐकू आला, मग ते वर आले. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेले माप त्यांनी खडूने भिंतीवर लिहून ठेवले होते.

पहिले चार महिने मी अतिशय समाधानी होतो. स्टिअरिंगला हात लावताच गाडी वळत होती, मधला तो किंचित आळस गेला होता. ब्रेक लावल्यावर नाक एका बाजूला झुकत नव्हते. नागपूरच्या थंडीत, पहाटे उमरेडकडे निघाल्यावर गाडी इतकी बांधीव वाटे की नवी घेतल्याचा भास व्हावा. पॉलीविषयी जे चांगले सांगितले जाते ते खरे आहे, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

परंतु सिमेंटच्या रस्त्यांवर मला एक गोष्ट जाणवू लागली होती. आपल्याकडे शहरातले बहुतेक मोठे रस्ते आता सिमेंटचे आहेत आणि त्यांच्यात सुमारे साडेचार मीटरांवर आडवे सांधे असतात. ताशी साठच्या वेगाने गाडी सेकंदाला साधारण सतरा मीटर जाते, म्हणजे सेकंदाला जवळजवळ चार सांधे. पूर्वी ते टायरखाली विरून जात. आता प्रत्येक सांधा स्टिअरिंगवर बोटांना कळत होता आणि फरशीतून पायांना. मला त्याची सवय झाली असती. माझ्या आईला झाली नाही. तिच्या मणक्याचा त्रास जुना आहे आणि तिला वर्धा रोडवरच्या रुग्णालयात महिन्यातून एकदा न्यावे लागते. दोन फेऱ्यांनंतर ती म्हणाली, “गाडी आधीच बरी होती रे.” खडखडणारी गाडी तिला बरी वाटावी, हे ऐकून मला वाईट वाटले.

मार्च संपताना करकर सुरू झाली. धूळ आणि उष्णता यांनी सिलिकोन ग्रीस सुकले की पॉली नळीवर घासते आणि कोरड्या बिजागरीसारखी ओरडते. गतिरोधकावर, फाटकाच्या उतारावर, अगदी माणूस गाडीतून उतरला तरी ती ऐकू येई. ग्रीस घालायचे तर बोल्ट काढून आर्म खाली घ्यावा लागतो, कारण या संचात बाहेरून ग्रीस भरण्याची सोय नव्हती. एप्रिलमध्ये एकदा, जूनमध्ये पाऊस लागण्यापूर्वी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, असे वर्षात तीनदा ते काम करून घेतले. तिसऱ्या वेळी काकांनी बुश बाहेर काढून माझ्या हातात दिला. त्याच्या दोन्ही तोंडांची कड तिरपी दबली होती, एका टोकाला एका बाजूने आणि दुसऱ्या टोकाला तिच्या विरुद्ध बाजूने. आर्म आपल्या अक्षाभोवती फिरतो तोवर पॉली आनंदाने काम करते. पण मागचा बुश आडवा दबला की आर्म थोडा वळतो आणि तेवढे वळणे पुढच्या बुशला कडांवर झेलावे लागते. रबर तेथे सहज वाकले असते. मी एका प्रश्नाचे उत्तर शोधताना दुसरा प्रश्न पाहिलाच नव्हता, तो त्या दबलेल्या कडांवर लिहिलेला होता.

शर्यतीसाठी किंवा घाटात वेगाने चालवण्यासाठी गाडी तयार करणाऱ्याला हा सौदा परवडत असेल, त्यांना स्टिअरिंगची धार हवी असते आणि गाडी वारंवार खोलण्याची त्यांची तयारी असते. रोज नव्वद किलोमीटर जाणाऱ्या आणि आईला दवाखान्यात नेणाऱ्या माणसाची गरज निराळी आहे. ज्या जागी भागाला एकाच अक्षाभोवती फिरायचे आहे तेथे पॉली उत्तम, ज्या जागी त्याला अनेक दिशांनी थोडे थोडे द्यायचे आहे तेथे रबरच, असे माझे मत झाले आहे. स्टॅबिलायझर बारचे डी-बुश पहिल्या प्रकारात मोडतात, म्हणून ते मी तसेच ठेवले. त्यांना ग्रीस लावणेही सोपे आहे, दोन बोल्ट काढून पट्टी खाली घेतली की झाले.

डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीच्या अधिकृत सुट्या भागांच्या दुकानातून रबरी बुश आणि बॉल जॉइंटसह दोन पूर्ण नवे आर्म आणले. नुसते बुश स्वस्त पडले असते, परंतु जुन्या आर्मच्या डोळ्यातून बुश दोनदा दाबून काढले होते आणि प्रत्येक वेळी तो डोळा अगदी थोडा का होईना, पसरतो. तिसऱ्यांदा बसवलेला बुश त्यात सैल राहिला असता. एका आर्मला दोन हजारांच्या थोडे वर पैसे पडले. आधीच्या दोन वर्षांत जे खर्च झाले त्याच्या तुलनेत ही रक्कम मला जड वाटली नाही, आणि पहिल्याच वेळी हे करायला हवे होते हेही दिसले. कसण्याच्या वेळी मी पुन्हा चालकाच्या जागेवर बसलो होतो.

त्यानंतर तेवीस हजार किलोमीटर झाले आहेत. अलाइनमेंटचे तीन कागद मी वहीत चिकटवून ठेवले आहेत आणि तिन्हींवर पुढच्या चाकांचा टो, म्हणजे ती आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते माप, जवळजवळ तोच आहे. पूर्वी तो महिन्याभरात बदलत असे. टायर दोन्ही कडांना सारखे झिजत आहेत. स्टिअरिंगची ती थंडीतली धार गेली, हे खरे आहे, आणि कधी कधी मोकळ्या रस्त्यावर मला तिची आठवण येते. सिमेंटचे सांधे पुन्हा टायरखाली विरू लागले. आई आता मागच्या सीटवर झोपते.

काकांनी नव्या आर्मवर प्रत्येक पुढच्या बुशच्या आतल्या नळीवरून रबरावर आणि तेथून बाहेरच्या नळीवर एक सरळ पांढरी रेघ ओढून ठेवली आहे. गाडी जमिनीवर उभी असताना ती सरळ दिसली म्हणजे रबर मोकळे आहे, वाकलेली किंवा तुटलेली दिसली म्हणजे पीळ बसला आहे किंवा रबर सुटले आहे. गेल्या महिन्यात खड्ड्यात उतरून मी स्वतः टॉर्चने चारही बुश पाहिले. पुढच्या दोन्ही रेघा सरळ आहेत. डाव्या मागच्या बुशवर, चंद्रकोरीच्या एका टोकाला, केसाएवढी एक चीर दिसते. ती रबराच्या वरच्या थरातलीच आहे आणि टॉमी लावल्यावर उघडत नाही, असे काकांनी दाबून दाखवले. तिची लांबी चार मिलिमीटर भरली. ती तारखेसह वहीत लिहिली आहे, आणि पावसाळा संपला की पुन्हा मोजायची आहे.